अकरा फुल्या

दर मंगळवारी दापोलीच्या दवाखान्यात
क्षयरोगाच्या खोलीला लागून एक टेबल माझं असतं.
टेबलावर टॉर्च, लाकडी पट्टी, स्टॉपवॉच
आणि पुण्यात कुणीतरी बांधलेली शब्दांची वही.

हरेश्वर पावसे, वय बासष्ट, मुक्काम हर्णै.
बंदरावर एकतीस वर्षं लिलाव पुकारला.
श्रावणात डोक्यात रक्ताची गुठळी.
उजवा गाल, एका बाजूची दोरी सुटलेल्या ताडपत्रीसारखा.
सोबत बायको. केसपेपरवर चांगुणा.
"चांगुना," ती म्हणाली, मी मान हलवली
आणि लिहिलेलं तसंच ठेवलं.

जीभ बाहेर. डावीकडे. उजवीकडे ती आधीच कललेली.
गाल फुगवा. हवा कोपऱ्यातून पळाली.
आता 'आ' म्हणा, एका दमात, टिकेल तितकं.
सहा सेकंद.
एका दमात म्हणे सुरमईची पाटी
होडीतून बैलगाडीत, गाडीतून वाळूवर,
वाळूवरून कोल्हापूरच्या टेंपोत जायची,
चांगुणा सांगते.
मी लिहिते : सहा.

भराभर म्हणा, प-त-क, प-त-क.
प ठीक. त ओला.
क घशात बसून राहिला
म्हाताऱ्या पाहुण्यासारखा, उठेचना.
तेव्हा त्यांनी बोटांनी ठेका धरला टेबलावर,
प-त-क, प-त-क, बिनचूक, चढत्या भावाने.
बोटांना गुण देता येत नाहीत.

मग वही. बाण. शाळा. नळ. वीणा. पाणी.
वीणा कुणाच्या घरात असते, मला माहीत नाही.
ते म्हणाले बान, साला, नल, पानी,
आणि मी फुली, फुली, पुन्हा फुली,
मनात अहवालही तयार :
जिभेचं टोक मागे वळत नाही.

"काय चुकलं त्यांचं?" चांगुणा वहीत डोकावली.
"पाणी म्हणता येत नाहीये."
"पानीच तर बोलले."
"तुम्ही म्हणा."
"पानी."
तिचा गाल शाबूत. जीभ सरळ.
"आमी सगली असंच बोलतांव, बाय.
आख्ख्या बंदराला लकवा झालाय का?"

खोडरबर ड्रॉवरच्या तळाशी सापडला.
अकरा फुल्या.
पुसताना वीणेपाशी कागद जरा फाटला.
उरल्या नऊ, त्या खऱ्या :
क, ग, स मधून सुटणारी हवा,
वाक्याच्या टोकाला विझणारा आवाज.
नऊ काही कमी नाहीत. लिलाव पुन्हा
होणार नाही, हे मी अजून सांगितलं नव्हतं,
पण ते असे बघत होते माझ्याकडे
की आकडा त्यांनी माझ्याआधीच पुकारला होता.

माझी आई दाभोळला सुकी मासळी विकायची.
माझ्या 'पानी'वर पाचवीत बाईंनी
लाल शाईने गोल काढला होता.
ण मी आरशासमोर शिकले, जीभ मागे दुमडून दुमडून,
इतका चांगला, की पुढे त्याचीच नोकरी लागली.

शेवटची चाचणी गिळण्याची.
चमचाभर, हनुवटी छातीकडे.
मी पेला भरला, आणि किती वर्षांनी कोण जाणे
जीभ आपसूक दातांकडे गेली :
"पानी देऊ?"

चांगुनाने झटकन वळून पाहिलं.
त्यांनी डाव्या हाताने गाल सावरला.
"दे."

घोट खाली गेला. खोकला नाही.
मी लिहिलं, खोकला नाही.
'दे' कुठल्याच रकान्यात बसेना.
दुसऱ्या चमच्याला ठसका लागला.
तिसरा आम्ही पुढच्या मंगळवारवर ठेवला.